निगेटिव्ह स्कॅनवरची नको असलेली नक्षी: आधी ती कोणाची ते ओळखा

स्कॅनमध्ये रेघ दिसली की बहुतेक जण आधी निगेटिव्ह पुसायला घेतात. रेघ जात नाही, म्हणून आणखी जोरात पुसतात. मग निगेटिव्हवर खरोखरीचे ओरखडे पडतात आणि पुढचे चार तास कॉम्प्युटरवर एकेक ओरखडा ब्रशने झाकण्यात जातात. मूळ रेघ निगेटिव्हवर नव्हतीच. ती स्कॅनरच्या काचेवर बसलेल्या धुळीच्या एका कणाची होती.

बडोद्यात आमच्या ओळखीत जुने रोल घरी स्कॅन करणारे आता बरेच झालेत. दांडिया बाजारातल्या एका काकांचा फोन आला होता: “अरे, लग्नाच्या फोटोत तुझ्या काकूच्या डोक्यावर ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडल्यासारखं काय आलंय? मशीन परत करून टाकू का?”

“काका, मशीन राहू द्या. पट्टी उलटी घालून बघा.”

नक्षी गेली. मशीनला काहीच झालं नव्हतं, फिल्म काचेला चिकटत होती, एवढंच.

नक्षी उजेडाची असते, काचेची असते, मशीनची असते, फिल्मची असते किंवा सॉफ्टवेअरची. दिसायला या सगळ्या सारख्या वाटू शकतात, पण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि एकीचा उपाय दुसरीवर केला तर नुकसानच होतं. खालच्या पायऱ्या ३५ मि.मी. फिल्मसाठी आहेत. घरी फ्लॅटबेड स्कॅनर असो किंवा उजेडाच्या पॅनेलवर निगेटिव्ह ठेवून कॅमेऱ्याने फोटो काढत असाल, क्रम तोच ठेवा.

पायरी १: तयारी

पंखा बंद. मे महिन्यातल्या बडोद्यात हे सांगणं म्हणजे शिक्षा आहे, मला माहीत आहे. म्हणून मी हे काम पहाटे करतो. फरशी ओल्या फडक्याने पुसा आणि अर्धा तास थांबा. झाडून लगेच स्कॅनिंगला बसलात तर उडालेली सगळी धूळ काचेवर येते.

फिल्म कडेने धरा किंवा सुती हातमोजे घाला. धूळ उडवायला कॅमेऱ्यासाठी मिळतो तो रबरी ब्लोअर वापरा. तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचा बारीक थेंब इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या चित्र असलेल्या थरावर, बसला की तो धुळीपेक्षा हट्टी असतो.

काच मायक्रोफायबर कापडाने पुसा. क्लीनर कापडावर घ्या, काचेवर कधीही शिंपडू नका. काचेच्या कडेने तो आत झिरपला तर आतल्या बाजूला डाग बसतात आणि तिथे तुमचा हात पोचत नाही.

मग फिल्मच्या दोन बाजू ओळखा. चकचकीत ती बेसची, म्हणजे फिल्मच्या प्लास्टिकची, बाजू आणि मंद, मॅट दिसते ती इमल्शनची, जिच्यावर चित्र आहे. शंका आली तर कडेवरची अक्षरं आणि आकडे वाचा. ते सरळ वाचता येत असतील तर चकचकीत बाजू तुमच्याकडे आहे. पाचव्या पायरीत हे लागणार आहे.

शेवटचं म्हणजे चाचणीसाठी एक पट्टी बाजूला काढा. बिघडली तरी कोणी रडणार नाही अशी, पण एखाद्या फ्रेममध्ये मोकळं आभाळ किंवा साधी भिंत असलेली. नक्षी सपाट रंगावर दिसते. वरातीच्या गर्दीत ती लपून जाते आणि मोठी प्रिंट काढल्यावर उघडी पडते.

*तपासा:* सॉफ्टवेअरमधलं ऑटो एक्सपोजर, ऑटो कलर, शार्पनिंग आणि धूळ काढणारी सोय, चारही बंद आहेत ना? ती चालू असताना दर स्कॅन वेगळा येतो आणि तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

पायरी २: चार चाचण्या

ही पायरी सगळे गाळतात. पंधरा मिनिटं लागतात, तेवढी द्या.

पहिली: निगेटिव्ह खिडकीकडे धरून भिंगातून बघा. नक्षी डोळ्यांना दिसली तर ती फिल्ममध्येच आहे. थेट सहाव्या पायरीकडे जा.

दुसरी: फिल्म न घालता रिकामा स्कॅन घ्या, होल्डर (फिल्म धरणारी चौकट) मात्र नेहमीच्या जागी ठेवा. एक्सपोजर हाताने कमी करा, म्हणजे पांढरा उजेड हलका राखाडी दिसेल. कॅमेऱ्याने करत असाल तर पॅनेलचा नुसता फोटो काढा. आता कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवून बघा. इथे नक्षी दिसली तर दोष उजेडाचा, काचेचा किंवा मशीनचा. बिचाऱ्या निगेटिव्हचा काही संबंध नाही.

तिसरी: पट्टी एखादा सेंटिमीटर सरकवून पुन्हा स्कॅन करा. नक्षी चित्राबरोबर सरकली, म्हणजे फिल्मवर आहे. चित्र सरकलं आणि नक्षी होती तिथेच राहिली, म्हणजे काच, उजेड किंवा मशीन.

चौथी: पट्टी बाहेर काढा, पुन्हा जशीच्या तशी ठेवा आणि स्कॅन करा. नक्षीने आकारच बदलला, कालच्या गोल वलयांच्या जागी आज लांबोडकी दिसत असतील, तर त्या न्यूटन रिंग्ज. फिल्म काचेला जिथे टेकते तिथे त्या उमटतात, आणि ती दर वेळी निराळीच टेकते.

चारही स्कॅन वेगवेगळ्या नावांनी जतन करा. “मघाशी असं नव्हतं बहुतेक” या आठवणीवर विसंबून मी एकदा अख्खा रविवार घालवला आहे.

पायरी ३: उजेडाची नक्षी

कॅमेऱ्याने स्कॅन करणाऱ्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे मोबाइल किंवा टॅब्लेटच्या पांढऱ्या स्क्रीनवर निगेटिव्ह थेट ठेवणं. स्क्रीन पिक्सेलच्या चौकटींनी बनलेली असते. निगेटिव्ह फोकसमध्ये आली की तिच्या लगेच खालची ती जाळीही येते. ती जाळी कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या पिक्सेलच्या जाळीवर पडली की लाटालाटांचा मॉयरे तयार होतो. ओळखायची खूण अशी: स्क्रीन पाचदहा अंशांनी फिरवा. लाटांची दिशा आणि जाडी झटकन बदलली तर तो मॉयरे.

उपाय अंतराचा आहे. स्क्रीन आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये ३ मि.मी. जाडीचं दुधी ॲक्रिलिक ठेवा आणि निगेटिव्ह स्क्रीनपासून चारपाच सेंटिमीटर उंच उचला. नेमप्लेट आणि दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे हे ॲक्रिलिक उरलेल्या तुकड्यांत मिळतं. ट्रेसिंग पेपरने भागवू नका, कारण त्याचे स्वतःचे तंतू सपाट आभाळात दिसतात. सारखं हेच काम करायचं असेल तर सरळ ९५ किंवा जास्त सीआरआयचं (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी पॅनेल घ्या.

पॅनेल घेतल्यावर दुसरीच तक्रार येते: फोटोभर समांतर आडवे पट्टे. एलईडी मंद केलं की बरीच स्वस्त पॅनेल उजेड खरोखर कमी करत नाहीत, ती भराभर चालू-बंद होत राहतात. डोळ्याला ते कळत नाही, पण ओळीओळीने चित्र वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरला कळतं. म्हणून पॅनेल पूर्ण उजेडावर ठेवा, मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग कमी ठेवा: आयएसओ १००, एफ/८ आणि १/२५ सेकंद किंवा त्याहून सावकाश. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून थेट विजेवर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/५०, १/२५ अशा वेगांत त्या चढउतारांची पूर्ण आवर्तनं मावतात आणि पट्टे येत नाहीत. १/१६० वर मावत नाहीत.

*सावध:* खोलीतले बाकी सगळे दिवे बंद करा. फिल्मची चकचकीत बाजू आरशासारखी असते. कॅमेऱ्याच्या लेन्सचं गोल प्रतिबिंब, ट्यूबलाइटची पट्टी हे सगळं तिच्यावर उमटतं आणि चित्र पॉझिटिव्ह केल्यावर गूढ काळ्या डागासारखं दिसतं. इमल्शनची बाजू कॅमेऱ्याकडे केली तर हे बरंच कमी होतं. मग चित्र आडवं पलटायला मात्र विसरू नका.

फोटोच्या वरच्या आणि खालच्या कडेला ठरावीक अंतराने उजळ किंवा काळपट ठिपके येत असतील तर फिल्मच्या छिद्रांतून आलेला थेट उजेड लेन्समध्ये पसरतो आहे. काळ्या कागदाचा मुखवटा कापा, फक्त २४ × ३६ मि.मी.ची फ्रेम उघडी राहील असा. पॅनेलचा उरलेला भागही झाका.

एक गोष्ट लोकांना नेहमी उलटी समजते. पॉझिटिव्हमध्ये कोपरे *उजळ* दिसले, तर निगेटिव्हचा फोटो काढताना त्या कोपऱ्यांना उजेड *कमी* पडला होता. निगेटिव्ह उलटवताना दोषही उलटतो. त्यामुळे उजळ कोपऱ्यांवर उपाय म्हणून पॅनेलचा मधला भाग आणखी तेज करू नका. निगेटिव्ह पॅनेलच्या मध्यावर घ्या आणि रिकाम्या पॅनेलचा फोटो हाताशी ठेवा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो वापरून असमान उजेड वजा करता येतो.

पायरी ४: फ्लॅटबेडच्या सरळ रेघा

आधी रेघेची दिशा बघा. स्कॅनरचा आतला दांडा ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने जाणारी, चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बहुधा रंगीत अशी रेघ असेल, तर दोष कॅलिब्रेशनच्या जागेत शोधा.

फिल्म स्कॅन करणाऱ्या बऱ्याच फ्लॅटबेडमध्ये होल्डरच्या एका टोकाला रिकामी खाच असते. ती सजावट नव्हे. स्कॅन सुरू करण्याआधी मशीन त्या खाचेतून कोरा उजेड वाचून स्वतःला जुळवून घेतं. तिथे धुळीचा कण, केस किंवा फिल्मचं टोक आलं, तर मशीन तेवढ्या पिक्सेलचा हिशोब चुकीचा धरतं आणि ती चूक संपूर्ण स्कॅनभर ओढत नेतं. म्हणजे कण एका जागी आणि रेघ सगळीकडे.

त्या जागेची काच पुसा, वरच्या झाकणातली उजेडाची पट्टी पुसा, होल्डर उलटा बसलेला नाही ना ते बघा. मग स्कॅनर बंद करून चालू करा आणि रिकामा स्कॅन पुन्हा घ्या. माझ्या अनुभवात रेघांच्या दहापैकी आठ तक्रारी इथेच संपतात.

पट्टे दांड्याच्या चालीला आडवे असतील, किंवा खिडकीच्या सरळ चौकटीला करवतीसारखे दाते आले असतील, तर गोष्ट हालचालीची आहे. स्कॅनर डुगडुगत्या टेबलावर आहे का? शेजारी वॉशिंग मशीन? बाहेर नेताना लावलेलं कुलूप अर्धवट उघडलंय? यूएसबी हबमधून जोडलाय का? थेट जोडा आणि जमिनीवर ठेवून एक स्कॅन घ्या. ट्यूबलाइटसारखा दिवा असलेला जुना स्कॅनर असेल तर आधी दहापंधरा मिनिटं तापू द्या. दिवा स्थिर होईपर्यंत उजेड बदलत राहतो. एलईडीवाल्यांना याची गरज नाही.

पायरी ५: न्यूटन रिंग्ज

काकूंच्या डोक्यावरचं पेट्रोल ते हेच. फिल्मची गुळगुळीत बाजू काचेला जवळजवळ टेकते, मध्ये प्रकाशलहरीच्या मापाची हवेची फट राहते आणि दोन्ही पृष्ठभागांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. फट जिथे जशी, तिथे तसा रंग. रंगीत फिल्मवर इंद्रधनुषी वलयं दिसतात, कृष्णधवल स्कॅनमध्ये नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या फिक्या-गडद कडी. पुसून ती जात नाहीत, कारण पुसण्यासारखं तिथे काही नसतंच. उलट काच जितकी स्वच्छ आणि फिल्म जितकी घट्ट दाबलेली, तितकी ती ठसठशीत.

म्हणून सर्वात नेहमीची चूक ही की फिल्म वाकडी आहे म्हणून लोक तिच्यावर साधी काच ठेवून दाबतात. तीही फोटोफ्रेममधली. मग काचा दोन आणि वलयांचे संच दोन.

उपाय या क्रमाने करा.

आधी फिल्म सपाट करा. पट्ट्या स्लीव्हमध्ये (फिल्मच्या पातळ पाकिटात) घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवा. घाईघाईत इस्त्री, हेअर ड्रायर किंवा उलटी गुंडाळी करू नका. आमच्या घरी दिवाळी अंकांचा गठ्ठा या कामी येतो. बाकी तो कोण उघडतंय?

मग बाजू बदला. मॅट बाजू काचेला लागेल अशी पट्टी ठेवा. इमल्शनचा खरखरीतपणा सलग फट राहू देत नाही आणि वलयं बहुधा नाहीशी होतात. चित्र आरशातल्यासारखं येईल, ते सॉफ्टवेअरमध्ये पलटा. साडीचा पदर कोणत्या खांद्यावर आहे आणि दुकानाची पाटी वाचता येते का, एवढं बघितलं की चूक होत नाही.

तरीही वलयं राहिली तर फिल्म काचेपासून उचला. पुष्कळ होल्डरना उंची बदलायला छोटे पाय असतात. एक पायरी वाढवा, स्कॅन करा, फिल्मच्या दाण्यांचा फोकस बघा, मग पुढची. होल्डर नसेल तर काळ्या कार्डाची चौकट कापून पट्टीच्या फक्त कडा तिच्यावर टेकवा. फार उचलू नका. बरेच स्कॅनर काचेच्या थोड्याच वर फोकस करतात आणि त्यापुढे सगळं मऊ पडतं.

सर्वात शेवटी अँटी-न्यूटन काच घ्या. तिची एक बाजू अतिशय बारीक खरवडलेली असते, आणि *ती* बाजू फिल्मच्या चकचकीत बाजूला लागली पाहिजे. उलटी बसवली तर वलयं राहतातच, वर खर्च झालेला. फ्रेमवाल्याकडची चमक न येणारी काच स्वस्त पडते, पण तिचा खरखरीतपणा जाड असतो आणि आभाळात रवाळ पोत उमटतो. मी वापरून पाहिली आणि परत भिंतीवरच्या फ्रेमला लावली.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो. इमल्शनमधलं जिलेटिन ओल शोषून मऊ होतं आणि फिल्म काचेला जास्त चिकटते. जुलैत दमलात तर काम नोव्हेंबरवर टाका. चाळीस वर्षं थांबलेला रोल चार महिने आणखी थांबेल.

पायरी ६: नक्षी फिल्ममध्येच असेल तर

पट्टीच्या लांबीभर, एका फ्रेममधून दुसरीत, मधली मोकळी जागाही न सोडता गेलेली रेघ म्हणजे ओरखडा. कॅमेऱ्यात किंवा लॅबच्या मशीनमध्ये वाळूचा कण अडकून पडलेला. पसरट, दुधी उजेडात बेसच्या बाजूचे ओरखडे बरेच फिके पडतात, इमल्शनचे नाही.

पाण्याच्या थेंबांच्या कडांसारखे गोल डाग म्हणजे धुतल्यानंतर क्षारयुक्त पाणी वाळलं. बोअरवेलचं पाणी वापरून घरी डेव्हलप करणाऱ्यांकडे हे ठरलेलंच. फिल्म डिस्टिल्ड वॉटरमध्ये पुन्हा भिजवा, वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळून जावं म्हणून घालतात ते द्रावण) थेंब घाला आणि न पुसता टांगा.

नेच्याच्या पानांसारख्या फांद्या फुटलेली नक्षी बुरशीची असते. ती जिलेटिन खाते.

*सावध:* बुरशी लागलेली फिल्म पाण्यात घालू नका. बुरशीमुळे जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं होऊ शकतं आणि चित्रच वाहून जाईल. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडाला किंचित लावून आधी फ्रेमबाहेरच्या कडेवर करून बघा. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, त्यात ॲसिटेटची फिल्मच विरघळते.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला आणि फिल्मवर सुरकुत्यांसारखे उंचवटे असतील, तर बेसच कुजतोय. त्या पट्ट्या वेगळ्या ठेवा आणि सर्वात आधी स्कॅन करा.

आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे: २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, त्यात भिजून वाळलेले गठ्ठे. एकमेकींना चिकटलेल्या पट्ट्या कोरड्या ओढल्या तर एकीचं इमल्शन दुसरीवर जातं. बुरशी नसेल तर गार, स्वच्छ पाण्यात सावकाश भिजवून त्या आपणहून सुटतात का बघा. सुटल्या नाहीत तर जोर करू नका.

पायरी ७: सॉफ्टवेअरची नक्षी

चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर इन्फ्रारेडने धूळ काढणारी सोय चालू ठेवणं ही इथली सर्वात महागडी चूक. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, धूळ अडवते; मशीन त्यावरून धूळ ओळखतं. चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, म्हणून मशीनला आजोबांच्या मिशाही धूळ वाटतात. कडा वितळल्यासारख्या आणि चेहऱ्यावर चट्टे दिसतात. रंगीत रसायनात धुतल्या जाणाऱ्या इलफर्ड एक्सपी२ सारख्या कृष्णधवल फिल्मवर ती सोय चालते, कारण तिच्यात शेवटी चांदी उरत नाही.

आभाळात पायऱ्या पडल्यात? रंगीत निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळात कमी असतो. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ छटा. समजा चित्राने त्यातल्या ७०च वापरल्या, तर उलटवून ताणल्यावर मध्ये फटी पडणारच. १६ बिटमध्ये त्या ६५,५३६ असतात. म्हणून १६ बिट टिफमध्ये स्कॅन करा, सगळ्या दुरुस्त्या तिथे करा आणि जेपेग अगदी शेवटी काढा. सुरसागरात शिवमूर्ती उभी राहण्याआधीचा एक फोटो मी आधी ८ बिटमध्ये केला होता. तळ्यावरचं आभाळ घाटाच्या पायऱ्यांसारखं आलं.

खोक्यावर छापलेल्या सर्वात मोठ्या डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके) मागे लागू नका. २४०० डीपीआयला ३५ मि.मी.ची फ्रेम सुमारे ३४०० × २२६८ पिक्सेल होते, कुटुंबाच्या अल्बमला ती पुरते. ऑप्टिकल मर्यादेपलीकडचे आकडे मशीन मधले पिक्सेल कल्पून भरतं आणि वर शार्पनिंग चढवलं की दाणे गांडुळांसारखे जोडले जातात.

*तपासा:* नक्षी मूळ फाइलमध्ये १०० टक्के मोठी करूनही आहे का? नातेवाइकांना फक्त मोबाइलवर चौकोनी ठोकळे दिसत असतील तर ते मेसेजमधून पाठवताना फाइल दाबून लहान केल्यामुळे आलेत. पुन्हा स्कॅन करू नका, डॉक्युमेंट म्हणून फाइल पाठवा.

पायरी ८: परत ठेवताना

पट्ट्या जुन्या, चिकट झालेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत परत घालू नका. त्या ओलीत फिल्मला चिकटतात आणि चकचकीत चट्टे सोडतात, पुढच्या स्कॅनला तीच नवी नक्षी. पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा आम्लविरहित कागदाच्या स्लीव्ह घ्या. डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. आत सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. पावसाळ्यात ते पंधरा दिवसांतसुद्धा होतात.